लवंग बाधली की तोंड आलं?

युजेनॉल हे लवंगेच्या तेलातले मुख्य द्रव्य. लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळी. तिच्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असते. या झाडाला वनस्पतिशास्त्रात पूर्वी ‘युजेनिया’ म्हणत, त्यावरून द्रव्याला नाव मिळाले. झाडाचे नाव पुढे बदलले, द्रव्याचे तेच राहिले. दालचिनीच्या पानांचे तेल, तुळस, विड्याचे पान, जायफळ यांतही ते कमीअधिक सापडते. दातांच्या दवाखान्याच्या दारातच जो वास नाकात शिरतो, तो बहुधा याचाच. झिंक ऑक्साईडची पांढरी भुकटी आणि युजेनॉलचे थेंब काचेच्या पट्टीवर घोटले की सिमेंट तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दंतवैद्य ते वापरत आले आहेत: दाढेत तात्पुरते भरायला, रूट कॅनलमध्ये गुट्टापर्चाच्या भरावाभोवतीच्या फटी बुजवायला. दात काढल्यावर खड्डा कोरडा पडून ठणकू लागला, तर त्यात युजेनॉल लावलेला गॉझही ठेवतात. काही माणसांच्या कातडीला आणि तोंडातल्या अस्तराला मात्र हे द्रव्य सोसत नाही. त्यांना त्याची स्पर्शजन्य ॲलर्जी होते. ती किती मनावर घ्यायची, याबद्दल दोन मते आहेत. एक लवंगेच्या कैवाऱ्याचे, दुसरे शंकेखोराचे.

कैवारी : दाढदुखीवर लवंग, हे कोणा कंपनीने शिकवलेले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तोंड स्वच्छ आणि सुवासिक राहावे म्हणून तोंडात धरायच्या पदार्थांची यादी आहे. तीत सुपारी, कंकोळ, विड्याचे पान, कापूर यांच्या जोडीला लवंग आहे. खोपोलीजवळच्या साजगावात रात्री दोन वाजता दाढ ठणकू लागली, तर सकाळपर्यंत निभावून न्यायला मसाल्याच्या डब्यातली लवंगच हाताशी असते. ती का उपयोगी पडते, हेही आता कळले आहे. युजेनॉल मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा अडवते, त्यामुळे वेदनेचा निरोप पुढे जात नाही. मिरचीची आग जिथे जाणवते त्याच ग्राहीवर ते बसते. म्हणून आधी चुरचुरते आणि मग बधिरते. दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन ते कमी करते आणि जंतूंनाही आवरते. शिवाय सिमेंट स्वस्त. एकच वस्तू भोकही बुजवते आणि दुखणेही शमवते. रूट कॅनलला दोन-तीन खेपा लागतात, आणि कर्जत-खालापूरकडे भातकापणी सुरू झाली की रोगी ठरल्या तारखेला फिरकेलच असे नाही. तोवर हेच सिमेंट दाढ सांभाळते. इतक्या पिढ्यांनी वापरलेल्या द्रव्याच्या ॲलर्जीच्या नोंदी जगभर तुरळक आहेत. तुरळक गोष्टीचा बाऊ केला, तर ज्याला दुसरे औषध परवडत नाही त्याच्या हातचे आहे तेही जाईल.

शंकेखोर : जुनेपणा हा निर्दोषपणाचा पुरावा होत नाही. मिश्रीही जुनीच आहे. आणि भातात पडलेली लवंग व दवाखान्यातली बाटली यांची तुलनाच चुकीची आहे. आगरी मसाल्यात धणे, मिरची, दालचिनी यांच्यात लवंग असते ती मूठभर, आणि कालवणात तो मसाला पडतो चमचाभर. दवाखान्यातल्या बाटलीत जवळजवळ शुद्ध युजेनॉल असते. जिभेवरून क्षणात पुढे जाणारा घास वेगळा. हिरडीला टेकून आठवडाभर बसलेले सिमेंट वेगळे.

‘तुरळक नोंदी’ या शब्दांबद्दल तर अधिक शंका आहे. नोंद व्हायची तर आधी तक्रार व्हावी लागते, आणि तक्रारीला नाव लागते. मराठीत या तक्रारीला आधीपासूनच दोन नावे तयार आहेत. दाढ भरून आल्यावर दोन दिवसांनी गालाचे आतले अस्तर सोलल्यासारखे झाले, ओठ जळजळू लागले, की माणूस म्हणतो ‘तोंड आलं’. लवंग लावली म्हणून असे झाले हे ध्यानात आलेच, तर म्हणतो ‘उष्ण पडली’. दोन्हींवर घरात उतारा असतो: जाईचा पाला चघळायचा, गुलकंद खायचा, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणायच्या. चार-सहा दिवसांत तात्पुरते सिमेंट निघते, पक्के भरले जाते, तोंड बरे होते आणि श्रेय जाईच्या पाल्याला मिळते. अशा घटनेची नोंद कोण करणार? भाषेतच तिची सोय लागलेली आहे.

कैवारी : भाषेने घोळ घातला खरा, पण तो दोन्ही बाजूंनी घातला आहे. आज जी माणसे ‘उष्ण पडली’ म्हणतात, त्यांतली बहुतेक ॲलर्जीची नसतात. ती भाजलेली असतात. हा फरक आधी नीट लक्षात घ्यायला हवा. शुद्ध तेलात बुडवलेला कापूस दाढेशी दाबून झोपले, की सकाळी तिथली हिरडी पांढरी पडलेली दिसते, बोट लावले तर पापुद्रा सुटतो. ही द्रव्याची थेट इजा. ती कोणालाही होईल. तेल जास्त तर इजा जास्त, आणि जिथे तेल लागले तिथेच. पूर्वी कधी लवंग लावली होती की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

ॲलर्जीची चाल निराळी. युजेनॉलचा रेणू स्वतः फारसा उपद्रवी नाही. कातडीत त्याचे ऑक्सिडीकरण झाले की त्यातून क्विनोनसारखी चिकट रूपे तयार होतात, ती शरीरातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, आणि हे बदललेले प्रथिन परके म्हणून ओळखले जाते. ओळखणाऱ्या टी-पेशी तयार व्हायला दिवस जातात. त्या पहिल्या फेरीत बाहेर काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी तेच द्रव्य लागले, की त्या पेशी एकदोन दिवसांत जमतात आणि मग लाली, सूज, खाज, फोड. म्हणून ही विलंबित ॲलर्जी. शेंगदाणा किंवा पेनिसिलिनने मिनिटांत गांधी उठतात, घसा आवळतो, त्या जातीची ही नव्हे. संवेदना जागवण्याच्या ताकदीत युजेनॉल दुबळे गणले जाते. त्याचाच सख्खा भाऊ आयसोयुजेनॉल कितीतरी तिखट. आणि तोंड हे तर फार सोशिक ठिकाण. लाळ द्रव्य पातळ करते, धुऊन नेते, आतला रक्तपुरवठा उरलेले वाहून नेतो. कातडीवर जेवढ्याने पुरळ येईल, तेवढ्याने तोंडात सहसा काही होत नाही.

शंकेखोर : तोंड सोशिक आहे, म्हणूनच दंतवैद्याला ही ॲलर्जी दिसत नाही. ती दिसते कातडीवर: ओठांच्या कडेला, हनुवटीवर, आणि सगळ्यांत आधी बोटांवर. तीही रोग्याच्या नव्हे, सिमेंट घोटणाऱ्याच्या. काम जवळून पाहावे. काचेच्या पट्टीवर भुकटीची ढेप. तिच्यात थेंब ओढत पात्याने घोटत जायचे. लगदा कणकेसारखा झाला की भुकटी लावलेल्या बोटांत वळून त्याची बारीक गोळी करायची आणि दाढेत दाबायची. मदतनीस हातमोजे घालतेच असे नाही. घातलेच तर तेच दिवसभर. काही महिन्यांनी अंगठा आणि तर्जनी यांची टोके कोरडी पडतात, भेगाळतात. ती म्हणते, साबणाने झालं. कातडीचे डॉक्टर म्हणतात, एक्झिमा. मलम मिळते. तिने दिवसभर हातांत काय वळले, हे विचारले जातेच असे नाही.

सिमेंट घट्ट झाले म्हणजे युजेनॉल संपले, असेही नाही. झिंक आणि युजेनॉल एकमेकांना धरून झिंक युजेनोलेट होते, हे खरे. पण ही पकड पाण्याने सुटते. लाळ पृष्ठभागावर खेळत राहते आणि युजेनॉल थोडे थोडे मोकळे होत राहते. दुखणे शमते ते याच झिरपण्यामुळे, आणि ॲलर्जी असलेल्याला रोजची मात्रा मिळते तीही यातूनच. गुण आणि दोष एकाच नळाचे पाणी आहेत.

युरोपीय संघाने २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांवर २६ सुगंधी घटकांची नावे छापणे सक्तीचे केले. अंगावर राहणाऱ्या वस्तूत दहा लाखांत १० भाग आणि धुऊन टाकायच्या वस्तूत १०० भाग, याहून जास्त असेल तर नाव हवेच. त्या यादीत युजेनॉल आहे. म्हणजे टूथपेस्टमधल्या कणभर युजेनॉलचे नाव छापायचे, आणि दाढेत भरलेल्या सिमेंटला तो नियमच लागू नाही, कारण ते प्रसाधन नव्हे.

कैवारी : तर मग तपासून पाहावे. त्यासाठी पॅच टेस्ट आहे. योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने ती १८९५ मध्ये मांडली आणि तिचे मूळ रूप आजही फारसे बदललेले नाही. संशयित द्रव्य पेट्रोलियम जेलीत कालवून (युजेनॉल साधारण १ ते २ टक्के) छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांत भरतात, पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, आणि तेव्हा व पुन्हा ९६ तासांच्या सुमारास पाहतात. दुसऱ्या दिवशी लाल आणि चौथ्या दिवशी फिकट झाले, तर बहुधा नुसती चुरचुर. चौथ्या दिवशी वाढून उंचवटा आला, बारीक पुटकुळ्या आल्या, तर ॲलर्जी. नेहमीच्या तपासणीत ‘फ्रॅग्रन्स मिक्स’ नावाचे आठ सुगंधी घटकांचे मिश्रण असते. युजेनॉल आणि आयसोयुजेनॉल दोन्ही त्यात.

पण ही टेस्ट करून पाहणाऱ्यांनाच ठाऊक आहे की तिचे उत्तर सरळ नसते. पाठीवर युजेनॉल उमटले म्हणून तोंडातली जळजळ त्याचीच ठरत नाही. अत्तराने, साबणाने कधीकाळी जागलेली संवेदना पाठ सांगते. दाढेचे काय, ते पाठ सांगत नाही. आणि त्या सिमेंटमध्ये एकटे युजेनॉल थोडेच असते? जुन्या पद्धतीच्या भुकटीत जवळजवळ तीस टक्के राळ असते, चीडच्या झाडाची. राळ ही स्वतःच नावाजलेली ॲलर्जन. काही लेपांत पेरू बाल्सम असते, तेही तसलेच. शेजारच्या दातावर निकेलची टोपी असेल, डॉक्टरांचे मोजे लॅटेक्सचे असतील. एवढ्या सगळ्यांत आळ लवंगेवर येतो, कारण तिचा वास ओळखीचा आहे. राळेचा वास लवंगेपुढे जाणवत नाही म्हणून तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

शंकेखोर : राळेचा मुद्दा मान्य करावाच लागेल. तो शंकेला बळच देतो, कारण त्यातून निघते ते एवढेच की दाढेत नेमके काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

आता ती टेस्ट साजगावच्या माणसाने करायची म्हणजे काय, तेही पाहू. दातांचा दवाखाना खोपोलीत मिळेल. दातांच्या सामग्रीतल्या द्रव्यांसह (दंतमालिकेसह) पॅच टेस्ट करणारा त्वचारोग विभाग शोधायचा, तर पनवेल-कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजांकडे नाहीतर थेट मुंबईला जावे लागेल. एक खेप चिकटवायला, दुसरी काढायला, तिसरी चौथ्या दिवशीचे पाहायला. आठवड्यात तीन रोज बुडाले. पट्ट्या पाठीवर असताना आंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही. आणि हे खालापूरच्या उकाड्यात, कारखान्यात उभे राहणाऱ्याला किंवा शेतात वाकणाऱ्याला सांगायचे. कार्तिकी एकादशीपासून साजगाव-ताकईच्या विठोबाची यात्रा भरते, पंधरवडाभर चालते. सुक्या मासळीच्या बाजारामुळे लोक त्याला ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. त्या यात्रेत ज्याचे दुकान आहे त्याला कोणी सांगून पाहावे, की धंद्याचे चार दिवस सोड आणि पाठीवर वाट्या लावून बस. पुस्तकात ही टेस्ट शेवटचा निवाडा देते. इथे तिचे नाव निघण्याआधीच तोंड बरे झालेले असते.

कैवारी : म्हणजे टेस्टशिवाय नुसत्या संशयावर शिक्का मारायचा? त्या शिक्क्याची किंमत कोण देतो? युजेनॉलची ॲलर्जी आहे असे एकदा सांगितले, की मग लवंग आली, दालचिनी आली, गरम मसाला आला, लवंग टोचलेला विडा आला. पुढे कोणी तीर्थातल्या तुळशीच्या पानापर्यंत जाईल. युजेनॉल असलेले सारे खाणे प्रत्येक ॲलर्जी असलेल्याला वर्ज्य करावे लागते, असे मुळीच नाही. बहुतेकांना स्पर्श टाळला की पुरते. थोड्यांनाच खाण्यातून त्रास होतो. पण हा बारकावा घरात टिकत नाही. ‘डॉक्टरांनी लवंग बंद केली’ एवढेच टिकते, आणि सून वर्षभर दोन भाज्या करते.

पर्याय कोणते, तेही बघावे. युजेनॉलविरहित तात्पुरती सिमेंटे मिळतात आणि ती चांगली आहेत, यात वाद नाही. पुढे दातात रेझिनचे कॉम्पोझिट भरायचे असेल, तर दंतवैद्य ती सांभाळून निवडतोही, कारण मोकळे युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. पण रूट कॅनलसाठी इपॉक्सी रेझिनचे सीलर घ्यावे, तर इपॉक्सी हीच कुप्रसिद्ध ॲलर्जन. मेथाक्रिलेटे घ्यावीत, तर आज दंतवैद्यांच्या आणि मदतनिसांच्या बोटांना सगळ्यांत जास्त त्रास त्यांचाच आहे. ती पातळ हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जातात. कॅल्शियम सिलिकेटची नवी सिमेंटे गुणी आहेत, पण महाग. लवंगेला हाकलून तिच्या जागी जो येतो, तो काही साधुसंत नाही.

शंकेखोर : लवंगेला हाकला असे कोणी म्हटलेले नाही. वाद आता बराच अरुंद झाला आहे आणि तो तसाच धरून ठेवावा. भाजणे आणि ॲलर्जी या दोन गोष्टी वेगळ्या, हे पटले. पण आपण त्यांच्यामध्ये जी भिंत घातली, तिला दार आहे. रोगी दवाखान्यात येतो तेव्हा घरी त्याने चार दिवस शुद्ध तेलाचे बोळे ठेवलेले असतात. हिरडी आधीच भाजलेली असते. भाजलेल्या अस्तरातून द्रव्य अधिक खोल जाते, आणि इजा झालेल्या पेशी धोक्याची हाक देतात ती ऐकून टी-पेशींचे शिक्षण सोपे होते. दुबळे द्रव्यही अशा जागी पाय रोवू शकते. मग त्याच जागी, त्याच द्रव्याचे सिमेंट बसवले जाते. दंतवैद्य विचारतो, ‘गोळी कुठली घेतली?’ ‘लवंगेचं तेल किती लावलं, किती दिवस?’ हे विचारत नाही, कारण तोही या तेलाला घरचेच समजतो.

कैवारी : विचारावे, जरूर विचारावे. तेल लावून आलेल्याची हिरडी पांढरी दिसत असेल, तर आठवडाभर दुसरे काही भरावे. यात कोणाचे नुकसान नाही. पण त्यापुढे काय? कोणाला ॲलर्जी होणार, हे आधी कळायचा मार्ग नाही. न झालेल्या ॲलर्जीसाठी सरसकट पॅच टेस्ट करू नये, असाच दंडक आहे, कारण क्वचित त्या टेस्टनेच संवेदना जागते. म्हणजे पहिल्या वेळी कोणालाच अडवता येत नाही. दुसऱ्या वेळी जे होते, त्यावरूनच कळते. आणि दुसरी वेळ आली आहे हे ओळखायला पहिल्या वेळी काय भरले होते, ते ठाऊक हवे.

शंकेखोर : शंका तिथेच येऊन थांबते. केसपेपरवर लिहिलेले असते ‘टेंपररी फिलिंग’. सिमेंट युजेनॉलचे होते की बिनयुजेनॉलचे, त्यात राळ होती की नव्हती, हे डबीवर छापलेले असते आणि डबी कपाटात राहते. रोगी पुढल्या वेळी पनवेलला दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, किंवा कर्जतला, आणि सांगतो, ‘मागच्या वेळी तोंड आलं होतं.’ या वाक्यावर जगातला कोणताही त्वचारोगतज्ज्ञ काही करू शकत नाही.

कैवारी : आणि केसपेपरवर नाव लिहिले, तोंड आले, रोग्याने ते नाव पुढच्या दवाखान्यात दाखवले, तर तो डॉक्टर टेस्ट न करता सिमेंट बदलणारच. त्यातली निम्मी तोंडे मिश्रीने, तिखटाने नाहीतर टोकदार दाढ घासून आलेली असतील. त्या सगळ्यांच्या कपाळी ‘युजेनॉल चालत नाही’ असे लागेल.

शंकेखोर : लागेल. त्यांना थोडे महाग सिमेंट पडेल. उलट बाजूला ज्याला खरोखर ॲलर्जी आहे, त्याच्या टी-पेशींची ओळख वर्षानुवर्षे पुसली जात नाही. दर वेळी तोंड येईल, आणि दर वेळी जाईचा पाला.

कैवारी : दोन चुकांपैकी कोणती कमी महाग, हे साजगावात एक निघेल आणि मुंबईत दुसरे.

शंकेखोर : नाव लिहायला मात्र दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो. दाढ भरून उठताना डॉक्टरांना डबीवरचे नाव विचारावे आणि ते चिठ्ठीवर मागून घ्यावे. तोंड आले, तर कितव्या दिवशी आले, तेही त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवावे.